वंचित वस्त्यांतला लठ्ठपणा फोनवरून रोखता येईल?

अनुस्वार
‘वजन कमी करा’ म्हणण्याऐवजी ‘आहे त्यापेक्षा वाढू देऊ नका’ एवढंच सांगितलं तर? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या गॅरी बेनेट यांच्या गटाने ‘शेप’ चाचणीत हेच करून पाहिलं. निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आले. २५ ते ४४ वयाच्या १९४ कृष्णवर्णीय स्त्रिया, बहुतेक बेताच्या परिस्थितीतल्या. त्यांतल्या एका गटाला आठवड्याला यंत्राचा फोन यायचा, ठरलेले प्रश्न विचारायचा आणि उत्तरं नोंदवायचा. महिन्यातून एकदा आहारतज्ज्ञ फोनवर बोलायची. शिवाय व्यायामशाळेचं सदस्यत्व. वर्षाने या गटाचं वजन सरासरी १ किलो उतरलं, नेहमीचेच उपचार घेणाऱ्या गटाचं अर्धा किलो वाढलं.

स्मार्टफोन नाही, डेटा पॅक नाही. पैसा झगमगीत अ‍ॅपवर घालण्यापेक्षा अशा साध्या गोष्टींवर घालावा, असं माझं मत.

तिरकस
फोन, आहारतज्ज्ञ आणि व्यायामशाळा तिन्ही एकदम दिलंत आणि श्रेय फोनला! माणूस काढून घ्या, मग दीड किलोच्या फरकातलं किती उरतं ते सांगा. २०१६ चा आयडिया प्रयोग आठवा. ४७१ तरुण, दोन वर्षं. हालचाल मोजणारा पट्टा वापरणाऱ्यांचं वजन सरासरी ३.५ किलो घटलं, पट्टा नसलेल्यांचं ५.९. यंत्राने उलट नुकसानच केलं म्हणायचं का?

अनुस्वार
तो पट्टा मी कुठे विकतोय? उपकरण म्हणजे उपचार नव्हे, हे तर माझंच म्हणणं झालं. २०१८ ची ‘ट्रॅक’ चाचणी बघा: नॉर्थ कॅरोलायनातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांतले ३५१ रुग्ण, अ‍ॅप, प्रशिक्षकाचे फोन, सोबत त्यांचे नेहमीचे डॉक्टर. वर्षअखेर त्यांचं वजन नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांपेक्षा जवळपास चार किलो जास्त घटलं. माणूस हवाच. फोनमुळे तो एकटा कितीतरी जास्त लोकांपर्यंत पोचतो, इतकंच.

मृण्मयी
तुम्ही दोघेही चुकीच्या टोकाला धरून ओढताय. १९९४ ते ९८ दरम्यान अमेरिकेतल्या पाच शहरांत अतिगरीब वस्त्यांतल्या काही कुटुंबांना सोडतीने घरभाड्याची व्हाउचर्स दिली. अट एकच, कमी गरिबीच्या भागात राहायला जायचं. दहा ते पंधरा वर्षांनी तपासलं, तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ किंवा जास्त, म्हणजे तीव्र लठ्ठपणा, असलेल्या स्त्रियांचं प्रमाण व्हाउचर न मिळालेल्यांपेक्षा साडेचार टक्के-अंकांनी कमी. मधुमेहही कमी. कॅलरीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं! आणि आपण त्याच बाईला दर आठवड्याला विचारतोय, ‘आज किती पावलं चाललात?’ ती राहते तिथे रात्री चालायचं कुठे?

अनुस्वार
मुद्दा मोठा आहे, मान्य. पण सगळ्यांना दुसरीकडे हलवणार कोण? वस्ती सुधारेपर्यंत मधली वर्षं तशीच जाऊ द्यायची?

मृण्मयी
जाऊ देऊ नका, पण त्याला ‘प्रतिबंध’ म्हणू नका. व्यक्तीवर भार टाकला की धोरणकर्ते निवांत होतात.

काठावरचा
एक बाजू सुटतेय. ज्या पडद्यावर आपण आठवण पाठवणार, त्याच पडद्यावर गोड पेयांची जाहिरात आधीच येऊन बसलेली असते, आणि तिचं बजेट आपल्या संशोधनाच्या अनुदानाहून मोठं असतं. चिलीने २०१६ मध्ये जास्त साखर-मिठाच्या खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर काळे इशारे आणले आणि १४ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून होणाऱ्या त्यांच्या जाहिरातींवर बंधनं घातली. डिजिटल माध्यमातून काय काढून टाकायचं, यावरही प्रयोग व्हायला हवेत.

तिरकस
हे पटलं, पहिल्यांदाच या धाग्यात. मात्र जाहिरात थांबवणारा प्रयोग पैसे देऊन कोण करवून घेणार?

मृण्मयी
सरकारने. आणि पेय कंपन्यांचा पैसा त्यात नको.

अनुस्वार
तोही करा, फोनही करा. आणि फोनच्या चाचण्यांत निकालाइतकंच हेही छापा: मध्येच किती जणींनी उत्तर देणं सोडलं. नंबर बदलतो, बॅलन्स संपतो, घरात फोन एकच असतो. गळालेल्या त्या बायका कोण, हे कळल्याशिवाय ‘वंचितांसाठी’ हा शब्द मीही मागे घ्यायला तयार आहे.