प्रतिसाद : हरणाचे मांस आणि फ्रीझर
अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात शिकारीच्या हंगामात मिळालेले हरणाचे मांस फ्रीझरमध्ये तीन महिन्यांतच खवट झाले, असे आपण लिहिले आहे. दोष बहुधा चरबीचा असावा. बोकडाची चरबी आपण चवीसाठी राखतो, परंतु हरणाची चरबी गोठवल्यावरही हवेच्या संपर्काने खवट होत जाते, म्हणून ती आणि स्नायूंवरचा पांढरा पडदा सुरीने काढूनच मांस हवा काढलेल्या पिशव्यांत बंद करावे. (रश्श्यासाठी हाडासकट तुकडे ठेवण्याची आपली सवय येथे नडते, कारण हाडांची टोके पिशवीला भोक पाडतात.) उणे १८ अंश सेल्सिअसला पाकिटे एकावर एक न रचता पसरून ठेवल्यास ती लवकर गोठतात, बर्फाचे स्फटिक बारीक राहतात आणि नंतर रस कमी गळतो. खिमा मात्र आधी संपवावा.