विषय: कायम निधी आणि रोखे – करंट रेशो पाहून ठरवायचं का?

नमस्कार मंडळी,

कायम निधीतला काही भाग एका कंपनीच्या रोख्यांत गुंतवावा, असा प्रस्ताव समितीपुढे आला आहे. नाव इथे लिहीत नाही, समिती सदस्यांना ठाऊक आहेच. वार्षिक अहवाल चाळला. करंट रेशो (वर्षभरात हाती येणारी चालू मालमत्ता भागिले वर्षभरात फेडायची चालू देणी) दोनाच्या वर गेलाय, नफा वाढलाय, आरओई (भागधारकांच्या पैशावरचा परतावा) वाढलाय. मला तरी तब्येत ठणठणीत दिसते. कुणाची हरकत असल्यास रविवारपर्यंत कळवा.

– खजिनदार

*

खजिनदारसाहेब,

हरकत नाही, पण रविवार फार लवकर होतोय. करंट रेशो वाढला ही चांगली बातमी असेलच असं नाही. कधीकधी ती चक्क वाईट असते. प्रस्तावातली कंपनी बाजूला ठेवा आणि एक काल्पनिक कारखाना घ्या. आकडे कोटींत, चलन कोणतंही धरा.

गेल्या वर्षी माल ८०, येणी (उधारीवर विकलेल्या मालाचे यायचे पैसे) ४०, रोकड २५. चालू मालमत्ता झाली १४५. चालू देणी ९२. रेशो १.५८. यंदा माल १२०, येणी ७०, रोकड २०, एकूण २१०. देणी १००. रेशो २.१. टाळ्या!

आता जरा खाली उतरून बघा. विक्री २८० वरून ३०० झाली, म्हणजे जेमतेम सात टक्के वाढ. येणी मात्र पाऊणपट वाढली. गिऱ्हाइकाकडून पैसे यायला आधी सुमारे ५२ दिवस लागत, आता ८५. एक तर वसुली ढिली पडलीय, नाही तर विक्रीचा आकडा दिसावा म्हणून मार्चअखेरीस उधारीवर माल ढकललाय. गोदामातला माल विकायला आधी १४२ दिवस पुरत, आता जवळपास २००. न विकलेला माल आणि न आलेले पैसे, दोन्ही ‘चालू मालमत्ता’ म्हणून वरच्या आकड्यात जमा होतात आणि रेशो फुगतो.

यंदाचा निव्वळ नफा २४. त्यात घसारा (यंत्रांची झीज; खर्चात धरतात, पण रोकड जात नाही) १० मिळवा, देणी वाढली ते ८ मिळवा. येण्यांत अडकले ३०, मालात अडकले ४०, ते वजा करा. व्यवसायातून आलेली रोकड उणे २८! यंत्रसामग्रीवर आणखी १२ गेले. मग हे भागलं कशावर? ३५ च्या दीर्घ मुदतीच्या कर्जावर. आणि ते कर्ज दीर्घ मुदतीचं असल्यामुळे करंट रेशोच्या हिशेबात धरलंच जात नाही.

आणखी एक खोच, जी कारखान्यात काम केलेल्यांना पटकन कळेल. विकायचा त्यापेक्षा जास्त माल बनवला की कारखान्याचा स्थिर खर्च जास्त नगांवर वाटला जातो आणि त्यातला काही गोदामातल्या मालाच्या किमतीत जाऊन बसतो. त्या वर्षीचा नफा त्यामुळे चांगला दिसतो. म्हणून मी अहवाल उघडला की नफा-तोटा पत्रकाच्या आधी रोख प्रवाह पत्रक काढतो. तीन-चार वर्षांचा नफा आणि व्यवसायातली रोकड शेजारी शेजारी मांडा. एखाद्या वर्षी फरक पडतो, ते चालतं. दरवर्षी नफा पुढे आणि रोकड मागे, तर प्रश्न विचारायचे.

आरओईचंही तेच. ड्यूपाँ कंपनीतून आलेली जुनी फोड आहे: नफ्याचं प्रमाण (नफा भागिले विक्री) गुणिले मालमत्तेची उलाढाल (विक्री भागिले एकूण मालमत्ता) गुणिले कर्जाचा पट (एकूण मालमत्ता भागिले भागधारकांचे पैसे). ८ टक्के × १ × १.५ म्हणजे १२ टक्के. पुढे नफ्याचं प्रमाण ६ टक्क्यांवर घसरलं आणि कर्ज वाढून पट २.५ झाला, की आरओई १५ टक्के! भागधारक खूश. आपण रोखे घेणार, म्हणजे सावकार होणार. आपल्याला त्यात खूश होण्यासारखं काही नाही.

– माजी सचिव

*

दादा, छान उलगडलंत. पण हैदराबादच्या सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचं काय? ७ जानेवारी २००९ च्या पत्रात तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनीच कबूल केलं की सप्टेंबर २००८ अखेर दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख आणि बँक शिलकीतले ५,०४० कोटी नव्हतेच. त्या तिमाहीचं ऑपरेटिंग मार्जिन (विक्रीतून धंद्याचा खर्च वजा जाता उरणारा हिस्सा) २४ टक्के दाखवलं, खरं होतं ३ टक्के. तिथे तुमचं रोख प्रवाह पत्रक काय करणार होतं? त्यापेक्षा कंपनी बुडण्याचा धोका मोजणारा तो ऑल्टमनचा झेड-स्कोअर काढा आणि मोकळे व्हा.

– एक जुना सत्यमवाला

*

बरोबर आहे, तिथे काहीच करणार नव्हतं. बँकेचा खोटा दाखला गुणोत्तराला ओळखता येत नाही. ते काम लेखापरीक्षकाचं. पण बहुतेक कंपन्या अडचणीत येतात त्या खऱ्या आकड्यांनिशी, म्हणून मेहनत वाया जात नाही.

झेड-स्कोअर १९६८ चा, पाच गुणोत्तरांचा. १.८१ च्या खाली धोका, २.९९ च्या वर निर्धास्त. तो शेअर बाजारातल्या उत्पादक कंपन्यांवरून बेतलेला आहे, बँकेला लावू नका. आणि त्यातलं पहिलंच गुणोत्तर खेळतं भांडवल (चालू मालमत्ता वजा चालू देणी) भागिले एकूण मालमत्ता. म्हणजे आपल्या कारखान्याला गोदाम भरल्याबद्दल तिथे वर गुण मिळायचे!

– माजी सचिव

*

मंडळी, मी बरीच वर्षं बँकेत कर्जविभागात होते, म्हणून थोडं लिहिते.

दादांच्या कारखान्याचा व्याज-करापूर्वीचा नफा ४१ आणि व्याज ९ धरलं तर व्याज चारपटीहून जास्त सुटतंय. कागदावर उत्तम. पण व्यवसायातली रोकड उणे आहे, म्हणजे व्याजसुद्धा नव्या कर्जातूनच गेलं. आम्ही अशा प्रकरणावर सही करत नसू.

धंदा कोणता तेही बघा. सुपरमार्केटचा करंट रेशो एकाच्या खाली असला तरी बिघडत नाही. गिऱ्हाईक रोख देतं आणि पुरवठादाराला नंतर द्यायचं असतं.

आणि टिपा वाचा हो, शेवटच्या बारीक अक्षरातल्या. ब्रिटनमधली कॅरिलियन जानेवारी २०१८ मध्ये बुडाली. तिच्या पुरवठादारांना बँक लवकर पैसे देई आणि कंपनी ते बँकेला नंतर फेडी. ही रक्कम कर्जात न दाखवता इतर देण्यांत ठेवलेली होती, त्यामुळे कर्जाचं प्रमाण सौम्य दिसत राहिलं. आता आंतरराष्ट्रीय लेखामानकांप्रमाणे २०२४ पासून अशा व्यवस्थेचा तपशील टिपांत द्यावा लागतो. संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार, संभाव्य देणी आणि लेखापरीक्षकाचा शेरा हेही तिथेच पाहा.

खजिनदारभाऊ, रोखे घ्यायचे तर मला एकच तक्ता पाठवा: कोणतं कर्ज कोणत्या वर्षी फेडायचंय.

*

ताई, तक्ता टिपांत सापडला. आपले रोखे पाच वर्षांचे, आणि कंपनीच्या कर्जाचा मोठा हप्ता त्यांची मुदत संपण्याच्या दोन वर्षं आधीच येतोय. हातातली रोकड त्याच्या निम्मीही नाही. गेल्या तीन वर्षांपैकी दोन वर्षं व्यवसायातली रोकड नफ्याच्या बरीच खाली आहे. कंपनीच्या गुंतवणूकदार विभागाला लिहून विचारतो, तो हप्ता कशातून फेडणार. उत्तर येईपर्यंत प्रस्ताव विषयपत्रिकेवरून काढला आहे, पैसे मुदत ठेवीतच राहतील.

– खजिनदार