एम.ए. भाषाविज्ञान: पहिलं वर्ष मुळाक्षरांतच जाणार असेल तर?

पेठकर:
भाषाविज्ञानाच्या एम.ए.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. बी.कॉम., बी.एस्सी., संस्कृत, कोणीही या. ऐकायला उदार वाटतं, पण होतं काय? बी.ए.ला हा विषय आपल्याकडे जवळपास नाहीच (अलीगढ, बनारससारखे अपवाद सोडा). म्हणून ध्वनिलिपी (उच्चार टिपायची चिन्हं), स्वनिम (अर्थ बदलणारे ध्वनी), रूपिम (शब्दाचे अर्थ असलेले सर्वांत लहान तुकडे) इथपासून सुरुवात. वाक्यविन्यास, अर्थविचार, समाजभाषाविज्ञान, ऐतिहासिक भाषाविज्ञान हे सगळं उरलेल्या वेळात कोंबायचं. आणि ज्याला वाक्याचं झाड, म्हणजे त्याच्या रचनेची आकृती, धड काढता येत नाही त्याने शेवटी प्रबंधिका (छोटा संशोधन-प्रबंध) लिहायची! २०२०च्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाच्या एम.ए.ची सोय आहे. या विषयात त्या एका वर्षात काय शिकवणार, सांगा.
माझं मत: आधी बी.ए. सुरू करा. ते जमत नसेल तर प्रवेशपरीक्षा कडक करा.

तिरकस:
कडक परीक्षा कशाची? जे कुणी शिकवलंच नाही त्याची? एक नवा क्लास उघडेल, बाकी काही नाही.

अदिती_व:
सपशेल असहमत. आपल्याकडे हा विषय उभा राहिला तोच बाहेरून आलेल्या लोकांवर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९५०च्या दशकात भाषाविज्ञानाच्या उन्हाळी शाळा भरल्या, तिथे आलेले बरेचसे संस्कृतचे नाहीतर साहित्याचे. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर इंग्रजी साहित्याकडूनच इकडे वळले आणि १९५८ साली कॉर्नेलची पीएच.डी. घेऊन आले.
शिवाय बी.ए.वाल्यालाच जास्त येतं, हे गृहीत का धरायचं? वर्गात 'तू पोळी खाल्लीस' हे वाक्य द्या. 'खाल्ली' पोळीप्रमाणे बदललं, आणि शेवटचा 'स' मात्र 'तू'चा. एकच क्रियापद कर्माशीही जुळतंय आणि कर्त्याशीही. शाळेतलं व्याकरण घोटून आलेला 'कर्मणी प्रयोग' म्हणून मोकळा होतो. भौतिकशास्त्रातून आलेला 'मी खाल्ली', 'त्याने खाल्ली', 'तुम्ही खाल्लीत' असा तक्ता मांडून बसतो आणि विचारतो, 'ने' फक्त तिसऱ्या पुरुषातच का? मला असा विद्यार्थी हवा.

पेठकर:
केळकरांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे! त्यांनी त्यासाठी परदेशात आणखी काही वर्षं घातली. आणि संस्कृतवाल्यांच्या हाडीमासी व्याकरण मुरलेलं होतं. आजच्या मुलाकडे ना ती शिदोरी, ना तेवढा वेळ.

संगणकी_किडा:
मी भाषा-तंत्रज्ञानात काम करतो. आमच्याकडे एम.ए. झालेली मुलं येतात आणि वाक्यांना लेबलं लावायला बसतात. मॉडेल बांधणारे वेगळेच. सांख्यिकी आणि प्रोग्रॅमिंग आल्याशिवाय या एम.ए.वाल्यांना पुढच्या खोलीत कोण घेणार? पेठकरांचं निदान बरोबर, औषध चुकलं. ऐतिहासिक भाषाविज्ञान ऐच्छिक करा, वेळ आपोआप निघेल.

तिरकस:
झालं. आता अभ्यासक्रमही कंपनीने लिहायचा.

मेळघाटकर:
मंडळी, प्रवेशपरीक्षेने कोण गळेल ते बघा. बुलढाण्यात जळगाव जामोदच्या बाजूला निहाली बोलतात. जेमतेम दोन-अडीच हजार लोक असतील-नसतील, आणि त्या भाषेचं नातं दुसऱ्या कुठल्याच भाषाकुळाशी सिद्ध झालेलं नाही. शेजारी कोरकू, ती मुंडा कुळातली. कोरकू घरातली मुलगी इतिहासात बी.ए. करून आली, तर वर्गातल्या कुणापेक्षाही जास्त भाषिक सामग्री तिच्या तोंडात असते. तुमची इंग्रजीतली कडक परीक्षा तिला पहिल्या फेरीत बाहेर काढेल. मग क्षेत्रकार्याला बाहेरून कोणी जाणार, आठ दिवस दुभाष्यामार्फत शब्दयादी गोळा करणार आणि तीच प्रबंधिका म्हणून बांधून देणार. प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेची प्रश्नपत्रिकासुद्धा इंग्रजी-हिंदीतच. चाळण्या काय कमी आहेत?

पेठकर:
हा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण तीच मुलगी दोन वर्षांनी अर्धवट तयार होऊन बाहेर पडली तर तिचं भलं झालं का? नेटला तिची गाठ माझ्या प्रवेशपरीक्षेपेक्षा अवघड पेपरशी आहे.

अदिती_व:
मग परीक्षेऐवजी सुरुवातीला तयारीचं एक सत्र द्या, सगळ्यांना. ध्वनिलिपी, थोडं तर्कशास्त्र, शैक्षणिक इंग्रजी. गुण नकोत, नापास नको.

पेठकर:
पाच सत्रं? जास्तीच्या सत्राचं वसतिगृह आणि शिष्यवृत्ती कोण देणार, तेवढं सांगा. तसं झालं तर प्रवेशपरीक्षेचा हट्ट सोडतो. एका वर्षाच्या एम.ए.ला विरोध मात्र कायम.