क्रिस्टल रेडिओ डायोडवर वाजतो, गॅलेनाच्या खड्यावर नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

परभणीजवळ पिंगळीला आमचं जुनं माळवदाचं घर उतरवताना फडताळात आजोबांचा क्रिस्टल रेडिओ, म्हणजे सेल-वीज न लागता वाजणारा साधा रेडिओ, सापडला. निजामाच्या काळात ते औरंगाबादला नोकरीला होते. तिथं तेव्हा रेडिओ केंद्र होतं, म्हणजे सेट तिकडचाच असणार. सागवानी खोका, सुती वेष्टणाच्या तारेची कॉइल, केंद्र लावायचा गँग कंडेन्सर आणि पितळी वाटीत गॅलेनाचा खडा, म्हणजे लहरींतून आवाज वेगळा काढणारा डिटेक्टर. खड्यावर टेकणारी बारीक तार तुटलेली.

कॉइल मल्टिमीटरवर सलग दाखवते. गँगच्या प्लेटा एका टोकाला घासत होत्या, त्या सरळ केल्या. हेडफोन ४००० ओहमच्या आसपास भरतो, सेल टेकवला की कट्ट वाजतो. एरियलला शेजारच्या स्लॅबवरून लिंबापर्यंत तार नेली आहे, अर्थिंग हापशाच्या पाइपाला. खड्याच्या जागी तेच काम करणारा ओए७९ हा जर्मेनियम डायोड लावला तर परभणी केंद्र (१३०५ किलोहर्ट्झ) बारीक पण स्पष्ट लागतं. डायोड काढून खड्यावर नवी तांब्याची तार टेकवली की काहीच नाही.

इथले मेकॅनिक म्हणतात, डायोडच राहू द्या. वाजण्यापुरतं त्यांचं बरोबर आहे. पण गॅलेना डिटेक्टरचं अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये आपल्या जगदीशचंद्र बोसांना मिळालं. सेटमधला नेमका तोच भाग काढून टाकायला मन धजत नाही.

खडा कायमचा गेला असेल का? वाटीत तो हलतोय, सोल्डरनं बसवला तर चालेल? आणि तार कोणती घेऊ?

प्रतिसाद:

दादा, डायोडवर वाजतंय म्हणजे बाकी सेट ठणठणीत आहे. दोष खड्यापाशीच.

सोल्डर अजिबात नको! तेवढ्या उष्णतेनं गॅलेना निकामी होतो. म्हणून जुने लोक वूड्स मेटल या मिश्रधातूत खडा बसवायचे, ते ७० अंशांच्या आसपासच वितळतं. पण त्यात शिसं आणि कॅडमियम असतं, घरातलं भांडं वापरू नका. त्यापेक्षा वाटीत धातूच्या फॉइलची घडी दाबून खडा घट्ट करा. फेविक्विक लावलं तर खड्याचा वाटीशी संपर्कच तुटेल.

खड्याला बोट लावू नका, तेलकटपणा बसतो. चिमट्यात धरून स्पिरिटनं धुवा. तरी वाजला नाही तर कडेचा टवका उडवा, आत चकचकीत ताजा भाग मिळेल. गॅलेना म्हणजे शिशाचंच खनिज, नंतर हात धुवा. तार बारीक फॉस्फर ब्राँझची, दोन-तीन वेढे देऊन स्प्रिंगसारखी, टोक तिरपं कापलेलं. दाब नुसता टेकण्यापुरता.

मुख्य गोष्ट, खड्याचा प्रत्येक बिंदू काम करत नाही. आधी डायोड लावून परभणी नीट ट्यून करा. मग गँगला हात न लावता डायोड काढा आणि तारेनं जागा शोधत बसा. केंद्र आणि बिंदू दोन्ही एकदम शोधायला गेलात तर वैतागाल.

प्रतिसाद:

हापशाचं अर्थिंग झकास. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडल्या की रोवलेली सळई माती सोडते आणि आवाज बसतो. एरियल विजेच्या तारांच्या जवळपासही नको. वळवाचं आभाळ दिसलं की लगेच सेटपासून सोडवून बाहेरच अर्थला जोडा.

धागाकर्ता:

आधी डायोडवर ट्यून करायची युक्ती लागू पडली! टवका काढलेल्या बाजूला केंद्र लागलं. आईनं बातम्या ऐकल्या. पण दार आपटलं तरी जागा सुटते. याला काही उपाय?

प्रतिसाद:

पूर्ण नाही. खोक्याखाली नमद्याचे तुकडे चिकटवा आणि तारेला एखादा वेढा वाढवा, धक्का कमी पोचेल. डायोड आतच मोकळा ठेवा, ट्यून करायला लागणारच आहे.