अंड्यांबरोबर विषाणूही
असं म्हणतात की परजीवी गांधीलमाशी अळीला डंख मारून लुळी करते आणि मग पिल्लं तिला खातात. काही जातींत तसंच घडतं, पण कोटेसिया या परजीवी गांधीलमाशीचं तंत्र वेगळं आहे. तिने अंडी घातलेली अळी हिंडत-खात राहते आणि आत पिल्लं तिच्या रक्तद्रवावर पोसली जातात.

मला नेहमी प्रश्न पडायचा, अळीचं शरीर हे खपवून कसं घेतं? एरवी परकी वस्तू आत आली की रक्तपेशी तिच्याभोवती गोळा होऊन तिची कोंडी करतात. तर माशी अंड्यांबरोबर विषाणूचे कणही टोचते आणि ते या पेशीच निकामी करतात! या विषाणूची जनुकं माशीच्याच गुणसूत्रांत असतात, कण तिच्या अंडाशयात तयार होतात. सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी तिच्या पूर्वजांत शिरलेला हा विषाणू.

ग्लिप्टापँटेलिस या दुसऱ्या परजीवी गांधीलमाशीची पिल्लं तर अळीतून बाहेर पडून कोश विणतात, तरी अर्धमेली अळी त्यांच्यावर पहारा देते, जवळ येणाऱ्या किड्यांना डोकं झटकून हाकलते. एक-दोन पिल्लं मात्र तिच्या पोटातच मागे राहतात. बहुधा तीच तिला असं वागायला लावतात.