बोर्डिंग शाळेतली चोरी आणि दोनदा आलेली १.२०

प्रश्न : नौपाड्याची मावशी

माझी भाची तेरा वर्षांची, ठाण्यातच आठवीत शिकते. दोन महिने रहस्यकथा लिहितेय. नौपाड्यातली एक मुलगी इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या बोर्डिंग शाळेत जाते आणि तिथल्या चांदीच्या कपाची चोरी उलगडते. शनिवारी आम्ही मराठी ग्रंथसंग्रहालयात जातो, येताना तलावपाळीवर बसून ती नवं प्रकरण वाचून दाखवते.

गुंता असा. पहारेकऱ्याने भिंतीवरचं घड्याळ बघून वहीत लिहिलंय, '१.४०, कप जागेवर.' एक मुलगी म्हणते, मी पाणी प्यायला उठले तेव्हा मोबाइलवर १.२० झाले होते आणि कपाट रिकामं होतं. सगळे तिला खोटारडी ठरवतात. नायिकेला उत्तर सापडतं ते आजीच्या फोनमुळे. आजी दर रविवारी जेवणं आटोपली की दीड वाजता फोन करते, तेव्हा तिकडे सकाळचे नऊ वाजलेले असतात. त्या रविवारी फोन आठलाच येतो. आजी म्हणते, "अगं, मी नेहमीच्याच वेळेला केलाय." म्हणजे रात्री घड्याळं तासभर मागे गेली! मुलीची १.२० ही दुसरी १.२०, पहारेकऱ्याच्या नोंदीनंतर चाळीस मिनिटांची.

मला कथा फार आवडली, म्हणूनच धास्ती वाटते. तिकडचं माहीत असलेल्या कुणी 'असं होत नाही' म्हणायला नको. हे खरंच असं घडतं का?

ऐरोलीकर

घडतं, ताई. नऊ वर्षं ब्रिटिश क्लायंटच्या शिफ्टला होतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनला घड्याळ पुन्हा एकवर आणतात. आपल्याशी साडेचार तासांचा फरक असतो, तो साडेपाच होतो. त्या रात्री लॉगमध्ये एक ते दोनच्या नोंदी दोनदा यायच्या, म्हणून आम्ही प्रत्येक वेळेपुढे बीएसटी (तिकडची उन्हाळी, तासभर पुढची वेळ) की जीएमटी (हिवाळी वेळ) ते लिहायचो. भाचीचा हिशेब चोख आहे.

वाशीहून

मी तिकडे मुलींच्या बोर्डिंग शाळेत दोन वर्षं मेट्रनच्या, म्हणजे वसतिगृहात मुलींची काळजी घेणाऱ्या बाईंच्या, हाताखाली काम केलंय. दोन गोष्टी खटकल्या. लहान वर्गांतल्या मुलींचे मोबाइल आम्ही झोपायच्या आधी जमा करायचो. मोबाइलऐवजी उशाशी रेडिओवर चालणारं गजराचं घड्याळ द्या. कंब्रियातल्या ॲन्थॉर्नहून वेळेचा संकेत येतो, त्यावर ते आपोआप जुळतं.

दुसरं म्हणजे त्या सुमारास बहुधा हाफ टर्मची, म्हणजे सत्राच्या मधली सुट्टी असते. आमच्या हाउसला, म्हणजे मुलींच्या राहण्याच्या इमारतीला, तेव्हा कुलूप असायचं, परदेशी मुली तिकडच्या पालकाकडे (गार्डियनकडे) जायच्या. काही शाळा मात्र लांबच्या मुलींसाठी एखादं हाउस उघडं ठेवतात. तेच घ्या. मोठी इमारत, पाच-सहा मुली, लांब रिकामे कॉरिडॉर. सुट्टीत मागे राहिलेल्या मुलीला घरचा फोन म्हणजे काय असतो, ते मी पाहिलंय. आजीचा फोन अजिबात काढू नका.

कोपरीकर

२०१६ साल घ्या. ३० ऑक्टोबरला रविवार होता, लक्ष्मीपूजन होतं आणि त्याच पहाटे तिकडची घड्याळं मागे गेली.

नौपाड्याची मावशी

सगळ्यांचे मनापासून आभार. तिला वाचून दाखवलं. मोबाइल गेला, गजराचं घड्याळ आलं. आजी आता पूजेची तयारी बाजूला ठेवून फोन करते, आणि हाउसमध्ये नायिका धरून पाचच मुली आहेत. त्या चाळीस मिनिटांत पहारेकरी कुठे होता, ते मात्र ती मलाही सांगत नाही. शनिवारपर्यंत थांब म्हणाली.