कालवाकाठच्या मुरमासाठी स्वस्त कार्बन फ्रेमवर ग्रॅव्हल सायकल बांधावी का?

मुरूमवाट (प्रश्न)

नमस्कार. गेली सहा वर्षे मी अ‍ॅल्युमिनियमची, रिम ब्रेकची रोड सायकल चालवतो. तिच्यात २८ मिमीपेक्षा रुंद टायर बसत नाही. राहायला पुण्यात असलो, तरी महिन्यातून दोनदा इंदापूर तालुक्यातील गावी जाणे होते. तिथे नीरा डाव्या कालव्याच्या काठाने जाणारा मुरमाचा रस्ता आहे. उसाच्या ट्रॉल्यांनी त्यावर चाकोऱ्या पाडल्या आहेत, पावसाळ्यानंतर मधूनमधून मोकळी खडी वर येते आणि बाभळीच्या काट्यांना तर तोटाच नाही. या रस्त्यासाठी ४० मिमी टायरची ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालेल अशी रुंद टायरची सायकल, हवी आहे. गावाहून येता-जाता घाटाचा डांबरी रस्ताही तिनेच पार करावा, अशी अपेक्षा आहे.

चीनमधील एका विक्रेत्याची कार्बन फ्रेम पाहून ठेवली आहे. फ्रेम, चिमटा (पुढचे चाक धरणारा फोर्क), हेडसेट (चिमटा फिरवणारी बेअरिंग) आणि सीटपोस्ट (सीटचा दांडा) मिळून किंमत साधारण ४८० डॉलर. वर्णनात टी-७०० कार्बन, १,१५० ग्रॅम वजन, बीबी-८६ बॉटम ब्रॅकेट (पॅडलच्या आसाची बेअरिंग बसतात तो भाग), मागे १२ × १४२ मिमी मापाचा, आरपार जाणारा थ्रू अ‍ॅक्सल, फ्लॅट माउंट ब्रेक आणि ४५ मिमीपर्यंत टायरला जागा असे दिले आहे. सर्व केबल हेडसेटमधून आत जातात. सगळे मिळून १,१०,००० रुपयांत भागवायचे आहे. माझी उंची १७२ सेंमी आणि वजन ६८ किलो आहे. टी-७०० की टी-८०० हा फरक महत्त्वाचा आहे का, हायड्रॉलिक ब्रेक परवडत नसतील तर केबलवरचे चालतील का, आणि पुढे एक चेनरिंग (पॅडलजवळची दातेरी चकती) ठेवावी की दोन, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

घाटमाथा

मी तीन वर्षांपूर्वी जवळपास अशीच फ्रेम घेतली होती. त्या अनुभवावरून सांगतो, की आपण विचारलेल्या तिन्ही प्रश्नांपेक्षा आपण सहज उल्लेख करून पुढे गेलेल्या दोन गोष्टींवर ही सायकल सुखाची होणार की डोकेदुखीची हे ठरेल. त्या दोन गोष्टी म्हणजे बॉटम ब्रॅकेटचे माप आणि केबलचा मार्ग.

बीबी-८६ मध्ये फ्रेमला आटे नसतात. ८६.५ मिमी रुंद आणि ४१ मिमी व्यासाच्या पोकळीत बेअरिंगचे कप दाबून बसवलेले असतात. पोकळी अचूक गोल असेल आणि दोन्ही बाजूंची छिद्रे एका सरळ अक्षावर असतील, तर ही रचना वर्षानुवर्षे आवाज न करता चालते. स्वस्त फ्रेममध्ये नेमकी हीच अचूकता नशिबावर अवलंबून असते. माझ्या फ्रेमची डावी पोकळी किंचित लंबगोल निघाली. पहिल्या ४०० किलोमीटरनंतर प्रत्येक पॅडलबरोबर करकर सुरू झाली आणि पाच महिन्यांत मी दोनदा बेअरिंग बदलले. विक्रेत्याचे म्हणणे एवढेच होते, की ग्रीस कमी पडले असेल. शेवटी एकमेकांत आट्यांनी घट्ट होणाऱ्या दोन कपांचा बॉटम ब्रॅकेट बसवला. त्यात दोन्ही कप एकाच नळीसारखे जोडले जात असल्याने बेअरिंग आपोआप एका रेषेत राहतात, आणि तेव्हापासून आवाज बंद आहे. तरीही आज पुन्हा फ्रेम घ्यायची झाली, तर मी बीएसए किंवा टी-४७ हे आट्यांचे मापच निवडेन, मग फ्रेमचे वजन ८०–१०० ग्रॅमने वाढले तरी बेहत्तर. बीएसए तर गावातल्या सायकलवाल्यालाही ठाऊक असते. त्यात उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, एवढे मात्र त्याला बजावून सांगावे.

हेडसेटमधून जाणाऱ्या केबल फोटोत फार देखण्या दिसतात. मात्र पावसाळ्यात खालचे बेअरिंग गंजते, आणि या रचनेत ते बदलायचे म्हणजे ब्रेकची नळी सोडवणे, पुन्हा तेल भरणे आणि हवा काढणे हे सगळे ओघानेच आले. तासाभराच्या कामाला अर्धा दिवस जातो. त्यातून आपण केबलवरचे ब्रेक म्हणता. हेडसेटच्या तीव्र वळणांमधून केबल नेली की घर्षण वाढते, ब्रेक दाबताना बोट जड होते आणि सोडल्यावर पॅड पूर्ण मागे येत नाहीत. म्हणून केबलचे ब्रेक लावायचे असतील, तर खालच्या नळीवर छिद्र असलेली, म्हणजे केबल बाहेरून थेट त्या नळीत शिरणारी फ्रेम पाहावी. अशा फ्रेमवर दोन्ही बाजूंचे पॅड हलणारा कॅलिपर (उदाहरणार्थ टीआरपी स्पायर) आणि दाबल्यावर आखूड न होणारे बाह्य आवरण वापरल्यास काम समाधानकारक होते. तरीही वरंधा किंवा ताम्हिणी घाट पावसात उतरायचा असेल, तर हायड्रॉलिक ब्रेकसाठी पैसे राखून ठेवावेत, असे माझे मत आहे. लांब उतारावर हाताला येणारा थकवा किमतीच्या तक्त्यात दिसत नाही.

मागवताना आणखी एक पथ्य पाळावे. विक्रेता ‘पार्सलवर किंमत कमी लिहू का’ असे विचारतो, तेव्हा नकार द्यावा. सीमाशुल्क वाहतूक आणि विमा धरून ठरलेल्या मूल्यावर आकारले जाते आणि त्यावर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) लागतो, तेव्हा ही रक्कम आपल्या अंदाजपत्रकात पहिल्यापासून असावी. किंमत कमी लिहिली आणि फ्रेम वाटेत फुटली, तर भरपाईही त्या कमी किमतीचीच मागता येते.

साधासरळ

वेगळे मत मांडतो, राग नसावा. सायकल कंपन्या गिअर आणि ब्रेकचे संच हजारोंच्या संख्येने, किरकोळ ग्राहकाला कधीच मिळणार नाही अशा दराने घेतात. त्यामुळे १,१०,००० रुपयांत तयार अ‍ॅल्युमिनियमची ग्रॅव्हल सायकल घेतली, तर तेच भाग सुटे जमवण्यापेक्षा स्वस्त पडतात. ज्या रस्त्याचे वर्णन आपण केले आहे, त्यावर ४० मिमीचा टायर जेवढा धक्का शोषतो, त्यापुढे फ्रेमच्या धातूचा प्रश्न दुय्यम आहे. पोलादी फ्रेम मोडली तर गावात वेल्डिंग होते, असेही सांगितले जाते. पण पातळ पत्र्याच्या क्रोमोली (मिश्र पोलादाच्या) नळीला ट्रॉली जोडणाऱ्या वेल्डरकडे नेणे मला धाडसाचेच वाटते, तेव्हा तो मुद्दा मी मांडत नाही. स्वतः बांधण्याचा आनंद हवा असेल तर अवश्य बांधावी. फक्त त्यात बचत होते असे घरी सांगू नये.

साच्यातला

माझा व्यवसाय कंपोझिट भागांच्या साचेकामाशी संबंधित आहे, म्हणून पहिल्या प्रश्नापुरते लिहितो.

टी-७०० आणि टी-८०० ही जपानच्या तोरे कंपनीच्या तंतूंची नावे आहेत. टी-७०० ची ताणशक्ती सुमारे ४,९०० मेगापास्कल आणि ताठरपणा २३० गिगापास्कल आहे. टी-८०० मध्ये हेच आकडे सुमारे ५,९०० आणि २९४ होतात. हे आकडे सुट्या तंतूचे आहेत, फ्रेमचे नव्हेत. कापडाचे थर कोणत्या कोनात, किती आणि कुठे एकमेकांवर चढवले, आतून दाब नीट बसला का, राळेत हवेचे बुडबुडे राहिले का, यावर फ्रेमचे बळ ठरते, आणि यातली एकही गोष्ट स्टिकरवर लिहिता येत नाही. त्यामुळे टी-८०० साठी जास्त पैसे देण्यापेक्षा, त्याच साच्याची फ्रेम आयएसओ ४२१० या सायकल सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तपासल्याचा अहवाल विक्रेता दाखवतो का, आणि अहवालातील मॉडेल क्रमांक आपल्या फ्रेमशी जुळतो का, ते पाहावे. वजनाचा हव्यासही धरू नये. खडबडीत रस्त्यावरच्या फ्रेममध्ये १०० ग्रॅम जास्त साहित्य असलेले मला तरी बरे वाटते.

फ्रेम हाती आली की भाग जोडण्याची घाई न करता एक संध्याकाळ तिला द्यावी. बॉटम ब्रॅकेटच्या पोकळीतून आणि हेड ट्यूबमधून बॅटरीच्या उजेडात आतली बाजू पाहावी. साच्यात आतून दाब देणारा फुगा काढताना राहून गेलेले प्लॅस्टिकचे तुकडे चालतील, पण थरांच्या सुरकुत्या किंवा राळेचे कोरडे डाग सांध्याजवळ दिसले तर लगेच फोटो काढून ठेवावेत. नाण्याने हलके ठोकत जावे. आवाज एकसारखा टणक येत असताना अचानक बद्द झाला, तर तिथे थर सुटले असण्याची शंका घ्यावी. नळीची जाडी बदलते तिथेही आवाज बदलतो, म्हणून उजवी आणि डावी बाजू ताडून पाहावी. हेड ट्यूबपासून मागच्या दोन्ही टोकांपर्यंत दोरा ताणून, सीट ट्यूबपासून त्याचे अंतर दोन्हीकडे सारखे आहे का, तेही मोजावे. ब्रेक बसतो त्या फ्लॅट माउंटच्या जागी रंगाचा जाड थर साचलेला असतो आणि मग कॅलिपर तिरका बसून तबकडीला घासतो. तो रंग सपाट ठोकळ्यावर पॉलिशपेपर लावून हलक्या हाताने काढावा, तंतू मात्र उघडे पडू देऊ नयेत.

सर्वाधिक काळजी चिमट्याची घ्यावी, कारण मागची नळी तडकली तर सायकल थांबते, पण चिमट्याची हेड ट्यूबमधून वर जाणारी नळी तुटली तर माणूस थेट तोंडावर पडतो. ही नळी बारीक दातांच्या करवतपट्टीने, ओल्या कापडाने धूळ दाबत आणि नाकावर मास्क लावून कापावी. आत एक्स्पांडर (नळीला आतून आधार देणारा खुंटा) घालून मगच स्टेम (हँडल धरणारा भाग) आवळावा. स्टेम आणि सीट क्लॅम्पचे बोल्ट सहसा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात, पण भागावर छापलेला आकडा प्रमाण मानावा. टॉर्क रेंचशिवाय हे काम करू नये, ‘हाताला अंदाज आहे’ म्हणणाऱ्याच्या हाती तर अजिबात देऊ नये. सीटपोस्टला ग्रीसऐवजी कार्बन पेस्ट लावावी. सीटपोस्ट अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर दमट हवेत तो आणि कार्बन यांच्यात गंज धरून तो कायमचा अडकू शकतो, म्हणून दर तीन महिन्यांनी काढून, पुसून पुन्हा बसवावा.

मुरूमवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. साधासरळ यांचे गणित मी कागदावर मांडून पाहिले आणि ते बरोबर आहे. तरीही हिवाळ्यात स्वतःच्या हाताने एक सायकल उभी करण्याची इच्छा जुनी आहे, तेव्हा बचतीचा दावा मागे घेऊन पुढे जातो. बीबी-८६ ची फ्रेम सोडली. त्याऐवजी बीएसए आटे असलेली, केबल खालच्या नळीतून आत घेणारी आणि आयएसओ अहवाल देणारी फ्रेम निवडली आहे. ती सुमारे ४० डॉलरने महाग आहे.

आता गिअरचा पेच उरला. मायक्रोशिफ्ट अ‍ॅडव्हेंट एक्समध्ये पुढे ४० दात आणि मागे ११–४८ अशी दहा चकत्यांची कॅसेट बसते, पण ब्रेक केबलचे राहतात. शिमानो जीआरएक्सच्या दहा गिअरच्या आरएक्स-४०० संचात ब्रेक हायड्रॉलिक असून पुढे ४६/३० आणि मागे ११–३६ जोडता येते. हा दुसरा संच घेतला तर चाकांसाठी कमी पैसे उरतात.

घाटमाथा

गंमत अशी, की चढाला दोन्ही संच सारखेच आहेत. ४० भागिले ४८ आणि ३० भागिले ३६, दोन्हींचे उत्तर ०.८३ येते. ४० मिमी टायरच्या चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर धरला, तर पॅडलच्या एका फेरीत सायकल १.८३ मीटर पुढे जाते, म्हणजे मिनिटाला ६० फेऱ्या मारत ताशी ६.६ किलोमीटरने चढता येते. ६८ किलोच्या माणसाला घाटासाठी हे पुरेसे आहे. फरक पडतो तो वरच्या टोकाला. मिनिटाला ९० फेऱ्यांवर ४०/११ ताशी ४३ किलोमीटर देते, तर ४६/११ सुमारे ५० देते. कालव्यावर हे दोन्ही वेग निरुपयोगी आहेत. मात्र इंदापूर ते पुणे हे अंतर वाऱ्याविरुद्ध कापताना अकरा-अठ्ठेचाळीसमधील मोठ्या उड्या पायांना जाणवतात, एक गिअर जड वाटतो आणि शेजारचा हलका. आपला बराच प्रवास डांबरावरचा आहे, शिवाय ब्रेक हायड्रॉलिक मिळतात, तेव्हा मी आरएक्स-४०० घेईन. त्यातील दोन चेनरिंगचा क्रँक नेहमीच्या रोड क्रँकपेक्षा २.५ मिमी बाहेर असतो, म्हणून पुढचा डिरेलरही (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) जीआरएक्सचाच घ्यावा, आणि तो बसवण्याची जागा फ्रेमवर आहे ना, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे. हल्ली बऱ्याच फ्रेम एकाच चेनरिंगसाठी असतात.

चाकांत काटकसर करता येईल. २३ ते २५ मिमी अंतर्गत रुंदीची, ट्यूबलेस अ‍ॅल्युमिनियम रिम, ३२ तारा, सीलबंद बेअरिंगचे हब एवढे पुरे. त्याच लांबीच्या चार जादा तारा सुरुवातीलाच घेऊन ठेवाव्यात. टायरमध्ये मात्र काटकसर करू नये, आणि बाभळीच्या देशात सीलंटशिवाय (टायरमधले छिद्र आतून बुजवणारा द्रव) बाहेर पडू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकते.

साच्यातला

फ्रेमबरोबर दोन डिरेलर हँगर (मागचा डिरेलर फ्रेमला जोडणारी पट्टी) जास्तीचे मागवावेत. स्वस्त फ्रेमचा हँगर वर्षभराने नेमका त्याच आकाराचा मिळत नाही आणि गावात सायकल उजव्या अंगावर पडली की पहिला तोच वाकतो. थ्रू अ‍ॅक्सलच्या आट्यांचे अंतरही लिहून ठेवावे. १.०, १.५ आणि १.७५ मिमी अशी तिन्ही मापे बाजारात आहेत, आणि चुकीचा अ‍ॅक्सल दोन फेरे सहज फिरतो व मग फ्रेमचे आटे खातो.

मुरूमवाट

विक्रेत्याला विचारले. पुढच्या डिरेलरची जागा आहे आणि मागच्या अ‍ॅक्सलचे माप १.५ आहे. तीन हँगर व फ्रेम यांचे पैसे आज भरले. चिमट्याची नळी पहिले ५०० किलोमीटर स्टेमच्या वर ३० मिमी स्पेसर (कड्या) ठेवून चालवीन आणि हँडलची उंची पक्की झाल्यावरच कापीन.

घाटमाथा

तीस चालतील. कापायच्या दिवशी करवत लावण्याआधी नळीवर चिकटपट्टी गुंडाळून त्यावर खूण करावी, आणि स्टेमच्या वरच्या कडेपेक्षा ३ मिमी खाली ती खूण येते ना, हे दोनदा मोजावे.